टॅब्लेट घेताय? आधी एक कागद कापा!

“तुझ्याकडे टॅब्लेट आहे ना? मग सांग, कोणता घेऊ?”

गेल्या सेमिस्टरला रात्री साडेअकरा वाजता माझ्या रूम पार्टनरने हा प्रश्न टाकला, तेव्हा मी दुसऱ्या दिवशीच्या सबमिशनची फाइल ‘लिहीत’ होतो (कुणाची समोर ठेवून, ते विचारू नका). ‘कोणताही घे रे’ असं म्हणून मी मोकळा झालो असतो. पण तो पुढे म्हणाला, “चार हजार आहेत. एकदाच घेता येईल.”

हे चार हजार कुठून आले ते मला माहीत होतं. त्याचे वडील पेंटर. म्हणजे घरं रंगवणारे नव्हेत, अक्षरं रंगवणारे. दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीच्या मागची नावं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार. फ्लेक्स आला आणि पाट्यांचं काम गेलं, उरल्या त्या शाळेच्या भिंती. दिवाळीच्या सुट्टीत बापलेकांनी मिळून एक शाळा रंगवली, त्यातला हा पोराचा वाटा. अक्षर त्याचंही वडिलांसारखंच. गॅदरिंगचे बोर्ड तोच रंगवतो. आता त्याला तेच कॉम्प्युटरवर करायचं होतं.

मी फाइल बाजूला ठेवली. कारण माझे स्वतःचे साडेपाच हजार बुडालेले होते. सेकंड इयरला मी एक सेकंड हँड टॅब्लेट घेतला होता. दहा इंची, ढीगभर बटणं, खोक्यावर मोठमोठे आकडे. कंपनीचं नाव घेत नाही. पेनला बॅटरी लागायची. चौथ्या महिन्यात पेन पलंगावरून पडला आणि गेला. तसा पेन कुठेच मिळेना, कारण ते मॉडेलच बंद झालेलं. घरी बाबांना ‘प्रोजेक्टचं सामान’ म्हणून सांगितलं होतं. हा अंक घरी गेला की कळेलच, कळू दे!

त्या रात्री आम्ही दोघांनी बसून जे काय शोधलं, मोजलं आणि ठरवलं, ते इथे लिहितोय. तुमच्यापैकी कुणाचे तरी चार हजार वाचतील.

तीन वस्तू, नाव एकच

‘टॅब्लेट’ म्हटलं की दुकानदार तीन वेगळ्या वस्तू दाखवतो. पहिली, आयपॅडसारखी किंवा सॅमसंगच्या टॅबसारखी. हा स्वतःच एक कॉम्प्युटर असतो. दुसरी, पेन डिस्प्ले. हा म्हणजे लॅपटॉपला जोडायचा एक मॉनिटर, त्याच्या काचेवरच चित्र काढायचं. तिसरी, साधा पेन टॅब्लेट. एक काळी प्लास्टिकची पाटी, तिला यूएसबीची वायर आणि एक पेन. पाटीवर काही दिसत नाही. हात पाटीवर चालतो आणि रेघ लॅपटॉपच्या स्क्रीनवर उमटते.

पहिल्या दोन वस्तू आपल्या खिशाबाहेरच्या. पेन डिस्प्ले पंधरा-वीस हजारांच्या खाली बरा मिळत नाही. तिसरी वस्तू मात्र अडीच-तीन हजारांपासून मिळते. लॅपटॉप आपल्याकडे आहेच, म्हणजे आपला विषय हीच काळी पाटी.

आणि हो, फोनच्या दुकानात शे-दोनशे रुपयांना रबरी टोकाचा जो ‘स्टायलस’ मिळतो तो यात धरू नका. ते फक्त एक बारीक केलेलं बोट आहे. त्याला दाब कळत नाही. जोरात टेकवा नाहीतर हळू, रेघ तेवढीच.

“पण हात एकीकडे आणि डोळे दुसरीकडे, हे जमायचं कसं?” हा प्रत्येकाचा पहिला प्रश्न. अरे, माऊस वापरताना तू माऊसकडे बघतोस का? तसंच हे. फरक एवढाच की माऊस उचलून दुसरीकडे ठेवला तरी बाण जागेवरच राहतो. पेनाचं तसं नाही. पाटीचा वरचा डावा कोपरा म्हणजे स्क्रीनचा वरचा डावा कोपरा, नेहमीच. एकदा हे हाताला कळलं की झालं. आणि ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनचा टॅब्लेट १९६४ चा. दहा इंच लांब-रुंद पाटी, तिच्या पोटात तारांची जाळी. माऊसचं गाजलेलं जाहीर प्रात्यक्षिक झालं १९६८ मध्ये, म्हणजे त्याच्या चार वर्षं नंतर!

पेनात बॅटरी नाही, मग चालतो कसा?

ईएनटीसीवाल्यांनी हा परिच्छेद वाचायलाच पाहिजे. पाटीच्या खाली वायरींची जाळी असते. ती एकदा चुंबकीय क्षेत्र सोडते आणि लगेच गप्प बसून ऐकते. पेनात एक कॉइल आणि एक कपॅसिटर असतो, म्हणजे आपलं एलसी टँक सर्किट. पाटीच्या क्षेत्राने ते सर्किट रेझोनन्सला येतं आणि पाटी गप्प झाल्यावरही क्षणभर घुमत राहतं. तोच पेनाचा सिग्नल. जाळीच्या कोणत्या वायरींत तो किती जोरात आला यावरून पेन कुठे आहे ते कळतं. पेन दाबला की आतले भाग किंचित सरकतात, रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी थोडी बदलते आणि त्यावरून दाब कळतो. व्हायवाला रेझोनन्सचं उदाहरण विचारलं तर रेडिओच्या जोडीला हेही सांगा.

जपानची वॅकॉम ही १९८३ मध्ये सुरू झालेली कंपनी या पद्धतीसाठी प्रसिद्ध. सॅमसंगच्या नोट फोनमधल्या एस पेनलाही वॅकॉमचंच तंत्र. आता ह्यूऑन, एक्सपी-पेन या चिनी कंपन्यांचे स्वस्त टॅब्लेटही बिनबॅटरीच्या पेनाचे येतात. म्हणून पहिला नियम: बॅटरीचा किंवा चार्जिंगचा पेन घ्यायचा नाही. तो जड असतो आणि सबमिशनच्या आदल्या रात्रीच संपतो. जुना स्टॉक आणि सेकंड हँड मालात असे पेन अजून सापडतात, मला सापडला तसे.

खोक्यावरचे मोठे आकडे

प्रत्येक खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: ‘८१९२ प्रेशर लेव्हल्स’. माझा पार्टनर म्हणाला, “वॅकॉमच्या स्वस्त मॉडेलवर २०४८ च आहेत. म्हणजे चौपट कमी?”

नाही. २०४८ म्हणजे २ चा अकरावा घात, ८१९२ म्हणजे तेरावा. फरक दोन बिटांचा. आता साधा हिशोब करा. ब्रश ५० पिक्सेल जाडीचा आहे आणि दाबाप्रमाणे त्याची जाडी बदलते. जाडीचे पूर्ण टप्पे किती? पन्नास. कडा मऊ करताना येणारे अधलेमधले टप्पे धरले तरी २०४८ पुरून उरतात. दाबाने रंग फिका-गडद करायचा म्हटलं तर ८ बिटांच्या रंगात एकूण छटाच २५६. म्हणजे ८१९२ हा आकडा वाईट नाही, पण त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

खरं बघायचं ते वेगळंच. किती हलक्या स्पर्शाला रेघ सुरू होते? चांगला पेन नुसता टेकवला तरी रेघ उमटवतो. वाईट पेन आधी दाबावा लागतो आणि मग एकदम जाड रेघ ओकतो. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं, हातात घेऊनच कळतं. म्हणून ज्याच्याकडे आहे त्याच्या रूमवर जाऊन दहा मिनिटं मागून वापरा.

दुसरा आकडा रिझोल्यूशनचा. २५४० रेघा प्रति इंच म्हणजे मिलिमीटरला १००. वॅकॉमच्या ‘वन बाय वॅकॉम’ या छोट्या मॉडेलची वापरायची जागा १५२ बाय ९५ मि.मी. आहे. म्हणजे रुंदीत १५,२०० टप्पे. आपला स्क्रीन १९२० पिक्सेलचा. एका पिक्सेलमागे जवळजवळ आठ टप्पे झाले की! म्हणजे कुणी ५०८० वाला खपवायला लागला तर हसून पुढे जा.

तिसरा, सेकंदाला किती वेळा पेनाची जागा वाचली जाते. याच मॉडेलमध्ये १३३ वेळा. लॅपटॉपचा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलतो. पुरे.

कललेला पेन ओळखणारी मॉडेल्सही असतात. पेन्सिल आडवी धरून शेडिंग करणाऱ्यांना त्याचा उपयोग. अक्षरवाल्यांना त्याची गरज नाही. चपट्या ब्रशने देवनागरी लिहिताना ब्रशचा कोन आपण जवळजवळ एकच ठेवतो. मग प्रोग्राममध्येच चपटा ब्रश घेऊन त्याचा कोन ४५ अंशांवर पक्का केला की वळणांना आपोआप जाड-बारीक येतं. स्वस्तातल्या स्वस्त पाटीवरही येतं.

खरा आकडा एकच, साइज

आता मुद्द्यावर येतो. आपला लॅपटॉप १५.६ इंची. त्याच्या स्क्रीनची रुंदी साधारण ३४५ मि.मी. पाटीची रुंदी १५२. भागाकार करा, २.२७. म्हणजे हात एक मिलिमीटर हलला की स्क्रीनवर सव्वादोन मिलिमीटर हलणार. हाताची थरथरसुद्धा तेवढीच वाढून दिसणार. मिडियम साइजच्या पाटीची रुंदी २१६ मि.मी., तिथे हाच आकडा १.६ येतो. ह्यूऑनच्या एच-४३०-पी या अगदी छोट्या मॉडेलला (४.८ बाय ३ इंच) तो २.८ होतो. तुम्ही २४ इंची मॉनिटर लावलात तर आणखी वाढेल.

मग सगळ्यांनी मोठीच घ्यावी का? नाही. फोटोवर काम करणं, नोट्स काढणं, छोटी कार्टून, यात हात मनगटातून हलतो. तिथे छोटी पाटी बरी, टेबलावर जागाही कमी लागते. वन बाय वॅकॉमचं छोटं मॉडेल अख्खं २१० बाय १४६ मि.मी., म्हणजे जवळजवळ ए-५ कागदाएवढं. मिडियम मॉडेल ए-४ पेक्षा थोडं लहान. पण लांब वळणं आणि मोठी अक्षरं काढणाऱ्याचा हात कोपरातून हलतो. त्याला छोटी पाटी म्हणजे टेलिफोन बूथमध्ये लेझीम!

आपण कोणत्या जातीचे हे कळायला पैसे लागत नाहीत. जर्नलचा एक कोरा कागद घ्या. १५२ बाय ९५ चा एक तुकडा कापा आणि २१६ बाय १३५ चा दुसरा. लॅपटॉपसमोर टेबलावर चिकटवा आणि एक संध्याकाळ फक्त त्या तुकड्यांत चित्र काढा. हात बाहेर पडायला लागला, मनगट आखडलं, तर तुमचा निकाल लागला. माझ्या पार्टनरने छोट्या तुकड्यावर ‘स्नेहसंमेलन’ लिहायला घेतलं. ‘स्नेहसं’ झालं आणि कागद संपला. ही परीक्षा मी आधी केली असती तर मला छोटी पाटीच पुरली असती. माझी दहा इंची पाटी टेबलावर ठेवली की लॅपटॉप पलंगावर जायचा.

अजून एक गोष्ट, प्रमाण. पाटी १६:१० ची आणि स्क्रीन १६:९ चा असेल, तर पाटीवर काढलेलं वर्तुळ स्क्रीनवर किंचित चपटं दिसतं. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. छोट्या पाटीची ९५ मि.मी. उंची मग साडेपंच्याऐंशीच वापरली जाईल. दहा टक्के जागा गेली, पण वर्तुळ वर्तुळ राहिलं. ईडीच्या सरांना हे लगेच पटेल.

घेण्याआधी काय विचारायचं?

माझ्या साडेपाच हजारांनी मला चार प्रश्न शिकवले.

एक, पेन सुटा मिळतो का? पाटी वर्षानुवर्षं टिकते. पडतो, हरवतो, मोडतो तो पेन. सुटा पेन बाजारात नसेल तर पाटी फुकट मिळाली तरी नको.

दोन, निब किती आणि जादा मिळतात का? निब पाटीवर घासून झिजते. टोक तिरकं, चपटं झालं की बदलायची, नाहीतर पाटीवर चरे पडतात.

तीन, ड्रायव्हर. आपल्या विंडोजसाठी कंपनीच्या साइटवर ड्रायव्हर आजही आहे का, ते पैसे देण्याआधी बघा. लिनक्सवाल्यांनी काळजी करू नये. वॅकॉमचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. इतर कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेल्ससाठी डिजिमेंड आणि ओपनटॅब्लेटड्रायव्हर हे मुक्त प्रकल्प आहेत, त्यांच्या यादीत आपलं मॉडेल शोधा. एका वेळी एकाच कंपनीचा ड्रायव्हर ठेवा. दोन ठेवलेत की दोघं भांडतात आणि दाब गायब होतो.

चार, वायर कुठे लागते? बऱ्याच स्वस्त पाट्यांना मायक्रो यूएसबी असतं. पलंगावर मांडी घालून काम करणाऱ्याची वायर ओढली जाते आणि सॉकेट सैल होतं. घेताना सॉकेट हलवून बघा.

बाकीचं सोडून द्या. पाटीवरची बटणं सोयीची असतात, पण कीबोर्ड शेजारीच आहे. दोन बोटांचा काळा हातमोजा दिसायला भारी, पण साध्या पाटीला हाताचा स्पर्श कळतच नाही. उन्हाळ्यात घामाने हात चिकटला तर हाताखाली रुमाल ठेवा. डावखुऱ्यांनी वेगळी पाटी शोधू नये. ड्रायव्हरमध्ये पाटी १८० अंशांत फिरवता येते.

सेकंड हँड घेणार असाल तर फूटपट्टी घेऊन जा. पट्टी पाटीवर तिरकी ठेवा आणि तिच्या कडेने पेन अगदी सावकाश ओढा. स्क्रीनवरची रेघ नागमोडी आली तर पाटीत खोट आहे. चारही कोपऱ्यांत, कडेपर्यंत रेघा मारा. मग एक रेघ हलक्यापासून जोरापर्यंत दाबत न्या. ती मधेच उडी मारते का ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नव्हतं.

आणल्यावर पहिले पंधरा दिवस

फोटोशॉपच्या मागे लागू नका. क्रिटा हा प्रोग्राम फुकट आहे, चोरीचा नाही, आणि चित्रासाठीच बनवलेला आहे. त्यात रेघ स्थिर करण्याची सोय आहे, ती नवख्याच्या थरथरीला औषध. विंडोजवर दाब लागत नसेल तर क्रिटाच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय आहेत. एक चालत नसेल तर दुसरा लावून बघा. पेन क्षणभर टेकवला की राइट क्लिकचं गोल कडं येतं, तेही विंडोजच्या सेटिंगमधून बंद करा. निम्मे लोक या दोन गोष्टींमुळेच ‘पाटी खराब आहे’ म्हणून परत करायला निघतात.

पहिल्या दिवशी चित्र काढू नका, वाईट येणारच आहे. माऊस बॅगेत टाका आणि सगळी कामं पेनाने करा. फाइल उघडा, फोल्डर बदला, मेसचं बिल बघा. रोज एक पान रेघा, एक पान वर्तुळं, एक पान बाराखडी. साधारण दोन आठवड्यांत हात डोळ्यांचं ऐकायला लागतो. आणि कृपा करून पहिल्या दिवसापासून दुसऱ्याचं चित्र खाली ठेवून गिरवू नका. जीटी मारून शीट पूर्ण होते, पण हात तिथेच राहतो, हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? (सर, हे वाक्य आपण वाचलं नाही असं समजा.)

सरांसाठीही एक सांगतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माऊसने इंटिग्रेशनची खूण काढताना किती शिक्षकांचे हाल झाले ते सगळ्यांनी पाहिलं आहे. डेरिव्हेशन लिहायला, पीडीएफवर पेपर तपासायला लहानातली लहान पाटीही पुरते. सोबत शुर्नल++ हा मोफत प्रोग्राम घ्यावा, पीडीएफवर थेट लिहिता येतं.

मग त्याने काय घेतलं?

कागदाच्या परीक्षेने मिडियम साइज ठरली. नवीन घ्यायला पैसे कमी पडत होते. आमच्याच हॉस्टेलमधला एक फायनल इयरचा सीनियर आपली मिडियम वॅकॉम विकत होता. आम्ही फूटपट्टी घेऊन त्याच्या रूमवर गेलो. रेघ सरळ आली. तीन हजार दोनशेला सौदा झाला, उरलेल्या पैशांत जादा निब आल्या. या अंकाच्या मराठी विभागाचं शीर्षक त्याच पाटीवर लिहिलेलं आहे. पान उलटून एकदा बघाच.

मध्यंतरी त्याचे वडील भेटायला आले होते. त्यांनी पाटी पाहिली, उलटसुलट केली आणि पेन हातात घेतला. पहिली दोन अक्षरं भलतीकडेच गेली. मग ते स्क्रीनकडे बघत थोडा वेळ नुसतेच रेघा मारत बसले. दहाएक मिनिटांनी त्यांनी एक ‘श्री’ काढला. मला दोन आठवडे लागले होते.

“हात त्योच हाय की,” ते म्हणाले, “भिंत तेवढी लांब गेली.”

एवढं सगळं लिहून मला जे सांगायचं होतं ते हेच. हात आपला असतो, पाटी फक्त त्याला पुरेल एवढी हवी. तेव्हा खोक्यावरचे आकडे वाचण्याआधी कात्री घ्या आणि कागद कापा. आणि तरीही शंका उरलीच, तर रात्री अकरानंतर आमची रूम उघडीच असते. येताना मॅगी आणा, म्हणजे झालं!